सदर थप्पड

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एका आजोबांची हनुवटी यंत्रावर टेकवून मास्तरीणबाई त्यांच्या उजव्या डोळ्यात डोकावत होत्या. आजोबा हनुवटी न हलवता म्हणाले, "तुम्हीच ना त्या? नवरा तोंडाला साबण लावून बसला असताना नळ बंद करणाऱ्या?"

"समोर बघा. पापणी मिटू नका."

"अगदी तश्शाच बोलता हो!" आजोबा भलतेच खूश झाले.

मास्तरीणबाईंनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. गेली सव्वीस वर्षं त्या लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत होत्या. हे नाव त्यांना नवऱ्याने दिलं होतं, आणि तेही छापून. नवऱ्याला सगळे लेखकराव म्हणायचे, कारण रविवारच्या पुरवणीत त्यांचं 'घरचा आहेर' नावाचं सदर यायचं. त्यात लेखकराव स्वतः भोळे, वेंधळे, पण सोन्यासारख्या मनाचे असत. लेखकरावांची आई म्हणजे साक्षात माया. आणि बायको म्हणजे हातात छडी नसलेली हेडमास्तरीण. नळ खरं तर पाणी गेल्यामुळे बंद झाला होता. पण पाणी गेलं यात विनोद कुठला?

सोमवार ते शुक्रवार लेखकराव एका विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारायचे. कुणाचं घर जळून कोळसा झालं तरी "जळण्यापूर्वीचे फोटो?" असं विचारणारा हा माणूस शनिवारी दुपारी जेवण झालं की टेबलाशी बसायचा आणि स्वतःच्या बालपणाचा प्रत्येक दावा डोळे मिटून मंजूर करायचा.

पण आठवणी काही नळाला येत नाहीत. सात वर्षं दर आठवड्याला नऊशे शब्द म्हटल्यावर लेखकरावांच्या बालपणाने तळ गाठला. वडिलांची छत्री झाली, आईचं शिवणयंत्र झालं. बहिणीने लहानपणी गिळलेली वस्तू तर तीनदा झाली. एकदा बटण, एकदा नाणं आणि एकदा चक्क शिट्टी.

आणि मग एका रविवारी चहा पिता पिता मास्तरीणबाईंनी पुरवणी उघडली आणि त्यात त्यांना स्वतःचे वडील भेटले.

मास्तरीणबाईंचे वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे. त्या नऊ वर्षांच्या असताना, शाळेत कविता म्हणण्याच्या आदल्या संध्याकाळी, त्यांचा चष्मा मोडला. खुर्चीवर ठेवला होता, तिथे त्याची काडी तुटलेली सापडली. वडिलांनी आधी एक थप्पड ठेवून दिली. "वस्तू ठेवायची जागा असते!" मग कामाची पेटी उघडून टाइपरायटरच्या एका स्क्रूने काडी बसवून दिली. ती वाकडी बसली. वर्षभर डावी काच उजवीपेक्षा वर राहिली, आणि वर्गात त्यांचं नाव 'तिरकी' पडलं. एवढीच गोष्ट. ही गोष्ट त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, बसची वाट बघताना. तो माणूस तेव्हा विमा कंपनीत नुकताच लागला होता आणि फार मन लावून ऐकत होता.

पुरवणीत चष्मा लेखकरावांचा होता. वडील लेखकरावांचे होते. थप्पड नव्हती. तिच्या जागी वडिलांच्या डोळ्यांतून एक थेंब ओघळून काचेवर पडत होता, आणि 'त्याच थेंबाने बाबांनी ती काच पुसली' असं वाक्य होतं. चष्मा अगदी सरळ बसला होता. कवितेला बक्षीसही मिळालं होतं.

"अहो, हे माझे बाबा आहेत," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"इथे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत."

लेखकरावांनी बिस्कीट चहात बुडवलं. "अगं, वडील ते वडील. तुझे काय, माझे काय! वाचकाला भावना पोचली की झालं."

"मग तुमच्या वडिलांची पोचवा की."

"आमचे वडील कंत्राटदार. त्यांनी घरात कधी काही दुरुस्त केलंय? मोडलं की नवीन आणायचे. त्यात कसली भावना?"

"आणि चष्मा? तुम्हाला बेचाळिसाव्या वर्षापर्यंत चष्मा नव्हता. पहिला नंबर मीच काढला तुमचा. दुकानात कार्ड आहे अजून, तारखेसकट."

"ते आयुष्यात," लेखकराव शांतपणे म्हणाले. "साहित्यात होता."

बिस्कीट तुटून चहात पडलं. ते चमच्याने शोधण्यात लेखकराव गढून गेले.

त्या आठवड्यात सदराला एकशे चाळीस पत्रं आली. एवढी कधीच आली नव्हती. मास्तरीणबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर पुढच्या रविवारी ते भांडण छापून आलं असतं, आणि त्यातही थेंब लेखकरावांचाच पडला असता.

त्यांनी दुसरा विचार केला. चोराला पकडता येत नसेल तर त्याच्या हाती खोटं नाणं द्यावं.

लेखकरावांचे एक काका होते, बारा वर्षांपूर्वी वारलेले. ते सरकारी वजनमापं तपासणारे, म्हणून घराण्यात त्यांना मोजमापकाका म्हणत. अत्यंत नीरस माणूस. हसले तरी मोजून हसायचे. त्यांच्यावर सदरात एक ओळही आली नव्हती, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं. त्यांच्या मागे काकू होत्या, वय वर्षं एकोणऐंशी. त्यांच्या जिभेला भिऊन दोन भाडेकरू घर सोडून गेले होते.

मास्तरीणबाईंनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "माझ्या एका मामांची आज आठवण झाली."

लेखकरावांनी पेपर खाली घेतला.

"फार मोजून मापून वागायचे. पण तरुणपणी त्यांनी एकच सिनेमा बावीस वेळा पाहिला. सिनेमासाठी नाही हो. तिकिटाच्या खिडकीत एक बाई बसायची. त्या खिडकीच्या भोकातून तिचा फक्त हात दिसायचा. मामा त्या हाताच्या प्रेमात पडले. तोंड कधी पाहिलंच नाही. सिनेमा उतरला आणि सगळं संपलं."

"मामीला माहीत होतं?"

"छे! मामीला कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं तिने." मास्तरीणबाईंनी उशीचा अभ्रा झटकला. असे कुणी मामा त्यांना नव्हते. एक होते, ते मास्तरीणबाईंच्या लहानपणीच परदेशी गेले आणि तिथून फक्त प्रकृतीच्या तक्रारी कळवत.

दहाव्या दिवशी पुरवणीत मोजमापकाका बावीस वेळा सिनेमा बघत होते.

मास्तरीणबाईंनी त्या रविवारी मुद्दाम घर आवरलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि आज प्रथमच त्या सासरच्या माणसांची वाट बघत होत्या. अकराच्या सुमाराला रिक्षा थांबली. काठी टेकत, हातात पुरवणीची गुंडाळी घेऊन काकू आल्या. मागून नणंदबाई, चेहरा पांढराफटक. लेखकराव आतल्या खोलीत गेले आणि काहीतरी शोधू लागले.

"कुठे आहे तो?" काकूंनी विचारलं.

"आत आहेत. बोलावते," मास्तरीणबाई फार गोड आवाजात म्हणाल्या.

लेखकराव आले. काकूंनी त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि एकदम त्यांचा हात धरला. "हे तुला काकांनी सांगितलं?"

लेखकरावांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते कुणालाच कळलं नाही.

"मला वाटलं, ते कुणाला बोलले नसतील." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "अरे, तो हात माझा होता!"

काकूंचं लग्न त्यांच्या वडिलांनी ठरवलं होतं. लग्नाआधी त्यांनी नोकरी सोडाच, एकटीने बाजारसुद्धा केला नव्हता, हे स्वतः काकूच अभिमानाने सांगत आल्या होत्या. पण आता त्या तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसल्या होत्या आणि कुणाची माय व्याली होती त्यांना उठवायची?

"सहा महिने बसले मी तिथे. घरी न सांगता. ते सुटे पैसे मोजून द्यायचे, आणि शेवटचं नाणं देताना हात जरा लांबवायचे…"

"अगं बाई!" नणंदबाई म्हणाल्या. त्यांचा रंग परत आला होता. "तरीच काका सिनेमाचं नाव काढलं की गप्प व्हायचे!"

काका कुठल्याही विषयाला गप्पच व्हायचे. मास्तरीणबाई चहा ठेवायला उठल्या, दुसरं त्या काय करणार?

दोन महिन्यांनी काकूंचा ऐंशीवा वाढदिवस झाला. तोवर ती आठवण घराण्यात चांगली मुरली होती. एका चुलत दिराला ते थिएटर आठवत होतं. दुसऱ्याला काकांनी लहानपणी तिथे नेल्याचं आठवत होतं. नणंदबाईंनी तर काकांच्या पाकिटात जुनी तिकिटं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. त्या डोळ्यांचा नंबर उणे सहा आहे हे मास्तरीणबाईंना माहीत होतं. केक कापून झाल्यावर काकूंनी हात पुढे करून दाखवला, "हाच तो!" आणि सगळ्यांनी फोटो काढले.

मास्तरीणबाईंना राहवलं नाही. त्यांनी ताटली खाली ठेवली. "वन्सं, ही गोष्ट मी रचली होती. कपड्यांच्या घड्या घालताना. काकांचा तिच्याशी काहीएक संबंध नाही."

नणंदबाईंनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "तू या घरात नंतर आलीस गं. तुला काय माहीत?"

"पण मीच…"

"असू दे. प्रत्येकाच्या माहेरी काही अशा गोष्टी घडत नाहीत. मनाला लावून घेऊ नकोस."

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लेखकराव केक खात होते. त्यांच्या चेहऱ्यावर ना लाज होती, ना भीती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस खोटं बोलतच नाहीये. त्याला ते सगळं खरोखर आठवतंय.

घरी येऊन त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. भाऊ गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या हातात स्टिअरिंग देऊन आपण ब्रेकवर पाय ठेवून बसायचा, त्यामुळे तो फारसा दचकत नसे.

"तुला माझा चष्मा मोडला होता ते आठवतं का रे? कवितेच्या आदल्या दिवशी?"

"न आठवायला काय झालं! बाबांनी स्क्रू लावून दिला होता." मग भावाचा आवाज ओला झाला. "त्यांच्या डोळ्यांतून थेंब पडला काचेवर. त्यानेच पुसली त्यांनी ती काच."

मास्तरीणबाईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा कानाला लावला. "गाढवा, ते भाऊजींचं सदर आहे. बाबांनी मला थप्पड मारली होती."

"बाबांनी? छे गं ताई! बाबांनी कधी हात उगारला नाही कुणावर."

"माझ्यावर उगारला. हाच गाल."

"तुझ्या मनाचे खेळ आहेत," भाऊ म्हणाला. शेजारच्या शिकाऊ माणसाने क्लच सोडला असावा, कारण तो ओरडला, "हळू! हळू!" आणि फोन ठेवून दिला.

मास्तरीणबाई खुर्चीवर बसल्या. सहा वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा त्या फारशा रडल्या नव्हत्या. आता मात्र त्यांना रडू आलं, आणि त्याचाही त्यांना राग आला. वडील तापट होते. हाताला नेहमी तेलाचा वास. चूक कबूल करणं त्यांना जमत नसे, म्हणून मारलं की तासाभराने काहीतरी दुरुस्त करून द्यायचे. त्यांची माफी मागायची रीत तीच. थप्पड काढून घेतली की स्क्रूलाही काही अर्थ उरत नव्हता. नुसता एक रडका, गोड म्हातारा उरत होता, आणि तो त्यांच्या ओळखीचा नव्हता.

पुढे लेखकरावांच्या निवडक लेखांचं पुस्तक निघालं. पहिलाच लेख अर्थातच चष्म्याचा. वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रकाशन होतं. पुरवणीचे संपादक होते, पहिल्या रांगेत हात नीट मांडीवर ठेवून काकू होत्या, नणंदबाई होत्या, तिसऱ्या रांगेत भाऊ होता. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी छापलं होतं: 'हेडमास्तरीणबाईंचे दोन शब्द'. हे मास्तरीणबाईंना हॉलच्या दारात कळलं.

"आभार मान आणि बस," लेखकराव कुजबुजले. "थोडं ओरडल्यासारखं कर. लोकांना आवडतं."

मास्तरीणबाई माइकसमोर गेल्या. समोर दीडशे माणसं आधीच हसायच्या तयारीत बसली होती. त्यांतल्या निदान चाळीस जणांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते.

"पहिल्या लेखातला चष्मा माझा आहे," त्या म्हणाल्या.

हॉल हसला.

"वडीलही माझे आहेत. यांना बेचाळिसाव्या वर्षापर्यंत चष्मा नव्हता."

हॉल आणखी हसला. संपादकांनी मांडीवर थाप मारली.

"थेंबबिंब काही पडला नाही. बाबांनी मला थप्पड मारली. चष्मा वाकडा बसला. मला वर्षभर तिरकी म्हणत होते. आणि काकूंचा हात…" त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. ऐंशी वर्षांची बाई आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसली होती. "काकूंचा हात राहू दे. पण माझी थप्पड मला परत हवी आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. "यांच्या रक्तातच विनोद आहे!" संपादक लेखकरावांना म्हणाले, आणि लेखकरावांनी नम्रपणे मान झुकवली, जणू रक्तही त्यांनीच पुरवलं होतं.

मास्तरीणबाई बाजूच्या जिन्यावर जाऊन बसल्या. थोड्या वेळाने भाऊ आला आणि दोन पायऱ्या खाली बसला. तो हसत नव्हता.

"ताई, तू 'तिरकी' म्हणालीस ना, तेव्हा मला आठवलं."

"काय?"

"चष्मा खुर्चीवर होता. त्यावर मी बसलो होतो."

मास्तरीणबाई एक पायरी खाली सरकल्या.

"सहा वर्षांचा होतो मी. कडकन आवाज आला. मी उठलो आणि पलंगाखाली जाऊन लपलो. तिथून मला तुझे पाय दिसत होते आणि बाबांचे पाय दिसत होते. मग थप्पड ऐकू आली. चांगली सणसणीत होती गं."

"सणसणीतच होती," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि हे तू मला आज सांगतोस? बेचाळीस वर्षांनी?"

"मी विसरूनच गेलो होतो. आणि थेंबाची गोष्ट बरी वाटत होती. तिच्यात मी कुठे नव्हतो ना."

मास्तरीणबाईंनी हात उचलला आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. फार जोरात नाही, पण कमीही नाही. भाऊ "आई गं!" म्हणाला, आणि दोघंही जिन्यावर बसून वेड्यासारखी हसू लागली. आत लेखकराव सह्या करत होते.

लेखकरावांनी थपडेला पडलेल्या टाळ्या ऐकल्या होत्या. पुढच्याच रविवारी सदरात थप्पड आली. चष्म्याची खरी हकिकत सांगायची इतकी वर्षं हिंमत झाली नाही, असं म्हणून लेखकरावांनी लिहिलं की थेंब पडण्याआधी त्यांच्या वडिलांनी त्यांना एक सणसणीत थप्पड मारली होती. सणसणीत हा शब्द त्यांना कुणी पुरवला, देव जाणे.

आणि इथे मात्र घराण्याचा संयम सुटला. सकाळी साडेआठलाच नणंदबाई दारात हजर झाल्या.

"आमच्या बाबांनी मारलं? तुला? लाज नाही वाटत लिहायला?"

"अगं, साहित्यात…"

"घाल ते साहित्य चुलीत! मी तीनदा काय काय गिळलं, तेव्हा बोलले मी? काका बावीस वेळा सिनेमाला गेले, तेव्हा बोलले? पण बाबांवर असला खोटा आळ मी खपवून घेणार नाही!"

काकूंनीही फोनवरून बजावलं की त्यांचे मोठे दीर देवमाणूस होते, आणि हे मागे घेतलं नाही तर त्या खिडकीबद्दलसुद्धा पुन्हा विचार करतील. लेखकराव हादरले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मास्तरीणबाई चहा पीत होत्या.

"आता काय करू गं?"

"खरं काय ते छापा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पुरावा आहे. साक्षीदार पलंगाखाली होता."

पुढच्या रविवारी सातव्या पानावर, पाणीकपातीच्या सूचनेखाली, बारीक टाइपात आलं:

'खुलासा: गेल्या अंकातील "घरचा आहेर" या सदरात उल्लेखिलेली थप्पड लेखकाच्या वडिलांनी मारलेली नसून ती लेखकाच्या सासऱ्यांनी लेखकाच्या पत्नीस मारलेली आहे. सदर थप्पड नजरचुकीने लेखकास पडली. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

मास्तरीणबाईंनी ते दोनदा वाचलं. वडिलांचा पेपरात आलेला हा पहिला आणि शेवटचा उल्लेख. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई! बाबा पेपरात आले!" भाऊ पलीकडून ओरडला. "पण माझं नाव नाही घातलं कुठे."

"शरम नाही वाटत तुला? काय घालणार? 'पलंगाखालील इसम'?"

भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "ऐक ना, तुला ते आठवतं का? बाबांनी शेजाऱ्यांचा पंखा दुरुस्त केला आणि तो उलटा फिरायला लागला…"

"आणि बाबा म्हणाले, तुमची वायरच उलटी आहे!"

बैठकीतून लेखकरावांचा आवाज आला. "कसला पंखा गं?"

"कसला नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि फोन घेऊन गॅलरीत गेल्या. मागे त्यांनी दार लोटून घेतलं.